इंजिन बंद पडलं तर काय बे?

परवा संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर भेळ खात बसलेलो, मी आणि माझा आत्तेभाऊ, तो छोटी विमानं उडवायला शिकून आलाय, तर एकदम शांतपणे सांगतो की ट्रेनिंगमध्ये इन्स्ट्रक्टर मुद्दाम थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागं ओढतो न विचारतो, आता काय करणार? मी म्हटलं सिद्धरामेश्वराचं नाव घेणार. हसला.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही, घसरत येतं. ‘सेस्ना १७२’ हे छोटं विमान जमिनीपासून हजार मीटर उंचीवर असेल तर वारा नसताना साधारण ९ किलोमीटर जातं. फक्त नाक वर ओढायचं नाही, ओढलं की स्पीड गेला न खेळ खल्लास.

पण खाली पाणीच असेल तर? याची चाकं आत जात नाहीत ना, ती पाण्यात अडकून विमान पालथं होऊ शकतं. म्हणून टेकायच्या आधीच दार उघडून फटीत बूट अडकवायचा, नाहीतर सांगाडा वाकला की दार जाम. हे सांगताना त्यानं खरंच चप्पल काढून दोन पायऱ्यांच्या मध्ये खुपसून दाखवली, शेजारचे आजोबा बघतच राहिले. लाइफ जॅकेट पण आत फुगवायचं नाही, पाणी भरलं की माणूस वर छतालाच चिकटतो, दारापर्यंत बुडी मारता येत नाही.

मी लगेच २००९ चं न्यूयॉर्कचं काढलं, हडसन नदीत विमान उतरवलेलं ते, १५५ च्या १५५ वाचलेले. तर म्हणे ते मोठं विमान, चाकं पोटात होती, आमचं वेगळं असतंय.

तोवर भेळ पार मऊ पडलेली.