मी एटी-सिक्सची

न्यूयॉर्कमधले चार दिवस पायांचे तुकडे पडेपर्यंत चालण्यात गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून प्रिन्स्टनला, भाच्याच्या विद्यापीठात. शेवटचा टप्पा ‘डिंकी’ नावाच्या चिमुकल्या आगगाडीचा. नीट टेकून बसेपर्यंत उतरायची वेळ झाली. भाच्याचा पदवीदान समारंभ मंगळवारी होता, पण त्यानं आधीच बजावलं होतं, “मावशी, शनिवारची पी-रेड चुकवायची नाही.”

पी-रेड म्हणजे माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक, दरवर्षी मेअखेरीस निघणारी. सर्वांत पुढे पदवीला २५ वर्षं झालेली बॅच, तिच्यामागे वयानं सगळ्यांत थोर मंडळी, मग वर्षांच्या क्रमानं बाकीचे आणि शेपटाला यंदाची पोरं. धाकट्या बॅचेस रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या असतात, समोरून जाणाऱ्यांना ओरडून सलामी देतात आणि पाळी आली की मागून सामील होतात. म्हणजे प्रत्येक बॅच आपल्या सगळ्या धाकट्यांसमोरून जाते. हे ज्याला सुचलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

कपडे मात्र भयंकर. ते नारिंगी-काळे कोट आपल्याकडच्या बँडवाल्यांनीही परत केले असते.

आलेल्यांतल्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थ्याच्या हातात चांदीच्या मुठीची काठी होती; १९२३च्या बॅचनं दिलेली. तो गाडीतून गेला आणि विशीतली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. त्यानंतरच्या कितीतरी बॅचेसमध्ये बायका दिसत होत्या त्या बहुतेक कुणाच्या तरी पत्नी म्हणून. इथं पदवीसाठी मुली घ्यायला लागले १९६९ साली. पाटीवर १९७३ आलं आणि पहिल्यांदा, पूर्ण चार वर्षं इथं शिकलेल्या बायका स्वतःच्या वर्षाखाली चालताना दिसल्या. पांढरे केस, पायात बूट, चाल दणदणीत. इंजिनीअरिंगला आमच्या वर्गात आम्ही तिघी होतो. का कोण जाणे, मी रडायलाच लागले.

गेल्या वर्षी त्या तिघींतल्या दोघी आम्ही आपल्या कॉलेजात गेलो होतो. फाटकावरच्या माणसानं विचारलं, “कोणाला भेटायचंय?” मी म्हटलं, “कोणालाच नाही, कॉलेज बघायचंय.” वहीत ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना होता. तो रिकामा ठेवला म्हणून आत सोडलं नाही. समोरच्या झाडाखाली दहा मिनिटं उभ्या राहिलो आणि रिक्षा केली.

तर मी डोळे पुसत असताना शेजारच्या नारिंगी कोटवाल्यानं विचारलं, “कुठलं वर्ष?” त्याच्या कोटावर ९१ होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “एटी-सिक्स.” वर्ष खरं होतं, फक्त कॉलेज दुसरं! तो गर्रकन मागे वळला, हात उंचावला आणि त्यांची ती आगगाडीसारखी वेग घेत जाणारी आरोळी सुरू केली. हिप-हिप, रा-रा-रा, टायगर-टायगर-टायगर, शेवटी बूम-बूम-बूम-बा. आजूबाजूची पंधरा-वीस माणसं त्यात मिसळली आणि माझ्याकडे बघत तीनदा गरजली: “एटी-सिक्स! एटी-सिक्स! एटी-सिक्स!”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट हात वर करून अभिवादन स्वीकारलं, एखाद्या आमदारासारखं.

फळ लगेच मिळालं. १९८६ची पाटी समोर आली तसा तो मला पुढे ढकलू लागला, “जा, जा, तुझी बॅच!” मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्यानं लगेच, वयस्करांसाठी असते तसली एखादी गाडी मिळते का म्हणून मान उंचावून शोधाशोध सुरू केली. तो पाठमोरा असताना मी गर्दीत सटकले आणि एका मोठ्या झाडाच्या बुंध्याआड जाऊन उभी राहिले. भाचा पार शेवटी आला तो मी तिथूनच पाहिला.