तुम्ही विचारलंत म्हणून : घराला अँटेना कशाला?

अमेरिकेतल्या आमच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा मागच्या डेकवर गेला की खांबावरच्या टीव्हीच्या अँटेनाकडे मान वर करून बघतो, आणि चहा येईपर्यंत प्रश्न आलेला असतो. "हे अजून चालतं?" हा त्यातला सौम्य प्रकार. "केबल नाही घेतलीत?" हा मधला. एका वर्षी गणपतीच्या आरतीनंतर एका गृहस्थांनी प्रसादाची वाटी हातात धरून, आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक आहे ना? म्हणजे नोकरीबिकरी?" हा तिसरा.

आजवर मी माणूस बघून उत्तरं देत आले. आता एकदा सगळीच लिहिते, म्हणजे पुढच्याला वाचायला देता येईल.

पैशांचं उत्तर आधी, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं. हो, वाचतात. केबलच्या बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' अशी एक ओळ असते, ती कधी नीट बघितलीत? सीबीएस, एनबीसी, फॉक्स, एबीसी ही जी स्थानिक स्टेशनं हवेतून फुकट येतात, त्यांचे ते पैसे. १९९२ च्या कायद्याने स्टेशनांना केबलवाल्यांकडून मोबदला मागायचा हक्क मिळाला आणि केबलवाल्यांनी तो तुमच्या बिलात घातला. मी ती ओळ भरत नाही. पण तेवढ्यासाठी कोणी पहाटेच्या थंडीत शिडीवर चढत नाही.

मग चित्राचं उत्तर. तेही खरं आहे. स्टेशनला ६ मेगाहर्ट्झचा एक पट्टा मिळतो, त्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट जातात. त्यातच ते आपली उपचॅनेलं कोंबतं, हे मान्य. पण जे निघतं ते मधे कोणाचा हात न लागता घरात येतं. केबलवाले बहुतेकदा तेच चित्र आणखी दाबून पाठवतात. स्ट्रीमिंगवर तर ते उशिरा पोचतं. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आमच्या घरात ओरडा झाला की भिंतीपलीकडच्यांना पुढे काय होणार ते कळतं. त्यांनी एकदा हसत हसत तक्रारही केली होती. आणि हो, मराठी चॅनेलं अँटेनावर दिसत नाहीत. ती आम्हीही तुमच्यासारखी इंटरनेटवरच बघतो.

सँडी वादळाचं उत्तर मी सगळ्यात जास्त वापरलंय, कारण त्यावर उलट कोणी बोलत नाही. २९ ऑक्टोबर २०१२ ला वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा आम्ही एडिसनला अपार्टमेंटमध्ये होतो. वीज गेली, इंटरनेट गेलं, मोबाइल नुसता हातात धरायचा. आम्ही बॅटरीवरच्या छोट्या टीव्हीला अँटेना जोडून खिडकीत ठेवली आणि बातम्या बघितल्या. इथपर्यंत सांगितलं की लोक माना डोलावतात. पुढचं मी सांगत नसे. पेट्रोल कुठे मिळतंय आणि गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवसांचा नियम कधीपासून लागतोय, हे आम्हाला गाडीतल्या रेडिओवर कळलं होतं.

राहिलं आठवणींचं उत्तर, ते तुम्हीच मला देता. "पुण्याची ना तुम्ही? मग बरोबर, लहानपणीची सवय." आमच्या गल्लीतल्या सगळ्या अँटेनांची तोंडं सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे होती, हे खरं. गच्चीवर भाऊ आणि खाली मी, "आलं का?" "मुंग्या आहेत!" हेही खरं. पण मला त्या मुंग्यांचं अजिबात प्रेम नाही.

मी पुण्यात ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचं इंजिनीअरिंग केलं. 'अँटेना अँड वेव्ह प्रोपगेशन' हा अर्ध्या वर्गाला नको असलेला विषय मला आवडायचा. यागी-उदा, म्हणजे छपरांवर दिसते ती ओळीने दांड्यांची अँटेना आम्ही फळ्यावर काढली, डायरेक्टरची लांबी, रिफ्लेक्टरचं अंतर परीक्षेत लिहिलं, बांधली मात्र कधीच नाही. (१९२६ साली ती जपानमध्ये दोघांनी जगापुढे आणली. जग तिला नुसतं 'यागी' म्हणतं. उदांबद्दल मला जरा जास्त आपुलकी आहे.) २००६ मध्ये लग्न होऊन इथे आले ती एच-४ वर, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. म्हणजे राहायला परवानगी, काम करायला नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना हे सांगायला नको. काही जणींनी पोळ्यांची ऑर्डर घेतली, काहींनी मंदिरात शिकवलं. मी घरात बसून टीव्हीमागच्या वायरी बघत होते.

मग १२ जून २००९ आला. त्या दिवशी देशभरातल्या उरलेल्या मोठ्या स्टेशनांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. सरकार जुन्या टीव्हीला जोडायच्या डब्यासाठी ४० डॉलरची कुपनं देत होतं, घरटी दोन. आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांनी डबे आणले आणि त्याच दिवशी अनेकांचं ७ नंबरचं एबीसी गेलं. कारण साधं होतं. ते स्टेशन डिजिटलसाठी तोवर यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात होतं, त्या दिवशी ते व्हीएचएफवर, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यात परत आलं. यूएचएफला पुरणारी छोटी गोल कडी तिथे चालत नाही; अर्धी तरंगलांबी धरली तरी पाऊण मीटरच्या वर जाते. ज्यांच्याकडे लांब दांड्या होत्या त्यांना मी त्या पूर्ण ओढायला सांगितल्या, बाकीच्यांना जुन्या अँटेना मिळवून दिल्या, आणि पुन्हा स्कॅन करून दिलं. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला तर मुंग्या वाढायच्या, माणूस दिसायचा तरी. डिजिटलचं तसं नाही. आलं तर लख्ख, नाहीतर चित्राचे चौकोन आणि मग काळा पडदा. त्या आठवड्यात मला मजल्यामजल्यावरून बोलावणं येत होतं. एक पंजाबी आजोबा मला 'इंजिनीअर साहब' म्हणायचे. या देशात तोवर तसं कोणी म्हटलं नव्हतं.

खरं उत्तर हे आहे. तुम्ही दारात चपला काढताना विचारता, तेव्हा ते देता येत नाही.

पुढे प्रिन्स्टनजवळ टाउनहाऊस घेतलं. ही जागा अँटेनावाल्यांसाठी विलक्षण आहे. न्यूयॉर्कचे टॉवर ईशान्येला साधारण चाळीस मैल, फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोतले टॉवर साधारण तितकेच दुसऱ्या बाजूला. दोन शहरांची स्टेशनं, दोन बातम्या, पडला तर दोन्हीकडचा पाऊस. मी डेकच्या कठड्याला खांब बांधला आणि दोन दिशांना दोन अँटेना लावल्या. फिलाडेल्फियाचं ६ नंबर खरोखरच ६ नंबरच्या पट्ट्यात आहे, एफएम रेडिओच्या अगदी खाली, त्यामुळे त्याची दांडी पावणेदोन मीटरच्या आसपास लागते. दिसायला ती सुंदर नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते.

२०१४ च्या दिवाळीआधी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. अँटेना काढा, नाहीतर दंड. समितीवर आमच्याच रांगेतल्या एक ताई होत्या, सातारच्या. मला इथे घर बघून देण्यापासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळं त्यांनी केलं होतं. मी त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा पत्राचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. चकल्या छान झाल्यात म्हणाल्या.

मी नियम काढून वाचला. १९९६ पासून एफसीसीचा, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाचा नियम आहे की स्वतःच्या ताब्यातल्या जागेत स्थानिक चॅनेलांसाठी अँटेना लावायला असोसिएशन आडकाठी करू शकत नाही. खर्च अवाजवी वाढेल, उशीर होईल किंवा नीट सिग्नल मिळणार नाही, अशी अट सहसा टिकत नाही. आणि अट योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अट घालणाऱ्यावर. डेक आमचा होता. खांब छपराच्या वर जाणं सोडाच, छपराच्या कडेशी संपत होता.

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, अ‍ॅटिकमध्ये लावा. मी ते करून बघितलेलं होतं. अ‍ॅटिकमधले आणि डेकवरचे सिग्नलचे आकडे मी दोन रकान्यांत छापून नेले होते. छपराखालच्या इन्सुलेशनला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद असतो, तो काय करतो ते सांगितलं. व्हीएचएफ म्हणजे काय, दांडी लांब का लागते, दोन अँटेना सरळ एका केबलला जोडल्या तर एकमेकींचे सिग्नल कसे बिघडवतात, सगळं सांगितलं. कोणी मधे बोललं नाही. अध्यक्षांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही चांगले होते. मला आठवतंय, माझा हात थरथरत नव्हता. आठ वर्षांत प्रथमच एक खोलीभर माणसं मी शिकलेल्या गोष्टीबद्दल माझं ऐकत होती, आणि मी, खरं सांगते, गरजेपेक्षा जास्त बोलले. मग नियमाचा कागद टेबलावर ठेवला. दंडाचा विषय तिथेच संपला. ताई पूर्ण वेळ समोरच्या वहीत बघत होत्या.

पार्किंगमध्ये त्या माझ्यासाठी थांबल्या. "तू बरोबर असशील गं. पण मला आधी सांगितलं असतंस तर मी गोडीने करून दिलं असतं. आता तू त्यांच्यापुढे कायदा ठेवलास. उद्यापासून ते आपल्या प्रत्येक गोष्टीला कायदा लावतील."

मी म्हटलं, आपल्या म्हणजे कोणाच्या? मला माहीत होतं कोणाच्या. दारासमोरची रांगोळी, आकाशकंदील, दाराबाहेरच्या चपला, फोडणीच्या वासाच्या तक्रारी, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं समितीत हसून, केक नेऊन, एकेका माणसाला घरी जेवायला बोलावून मिटवलं होतं. आमच्या रांगेत दिवाळीचे दिवे महिनाभर राहू शकत होते ते त्यांच्यामुळे. माझ्या तोंडून गेलं, "ताई, मला हक्काने मिळतंय ते मी गोडीने का मागू?"

त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी डबा दारात ठेवलेला मिळाला. रिकामा. मराठी घरातून डबा रिकामा परत येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन बोलायचं होतं. गेले होते. बोलणं आहे, हळदीकुंकवाला बोलावणंही आहे. पण पूर्वी ताई न विचारता मागच्या दाराने यायच्या, तसं परत झालं नाही. त्यांची भीती खरी ठरली का? पुढच्या वर्षी कंदिलांबद्दल एक पत्रक आलं, ते माझ्यामुळे की नवीन समितीमुळे, कोणी सांगू शकत नाही. ताईंना वाटतं माझ्यामुळे. मला काही दिवस वाटतं नाही, काही दिवस वाटतं हो. आणि ज्या दिवशी हो वाटतं, त्या दिवशीही वाटतं की रांगोळी कोणाच्या मर्जीवर असेल तर ती मर्जी कधी ना कधी जाणारच होती. तेव्हाची मी म्हणते, कागद ठेवलास ते बरं केलंस. आताची मी तिला विचारते, पण ताईंना आदल्या दिवशी फोन करून सांगायला काय झालं होतं? ती म्हणते, मग त्यांनी मला गप्प बसवलं असतं, आणि ते दहा मिनिटांचं बोलणं मला कधीच मिळालं नसतं. दोघींपैकी कोणीच मागे हटत नाही.

मे २०१५ पासून काही एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला, त्यात मी होते. आता नोकरी आहे, आरएफचीच, म्हणजे रेडिओ लहरींचीच आहे. मग अँटेना का नाही काढली, हा प्रश्न माझ्या नवऱ्याचा. त्याला मी म्हणते, लिलाव. २०१७ मध्ये वरच्या चॅनेलांचा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला, स्टेशनं खाली सरकली, २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत हे चालू होतं, आणि मला पुन्हा फोन. "वहिनी, तुमचं ते स्कॅन कसं करायचं?" 'नोकरीबिकरी'वाल्या गृहस्थांनी केबल तोडली होती. मी करून दिलं. चहाही घेतला.

आता प्रक्षेपणाचं नवीन मानक आलंय, एटीएससी ३.०. चित्र आणखी चांगलं, पण बरीच स्टेशनं त्याला कुलूप लावतायत. हवेतून येणारा सिग्नल, आणि उघडायला प्रमाणपत्र असलेलं यंत्र. मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे म्हणाले होते की हे चॅनेल फुकट आहे आणि फुकटच राहील. त्यावर आज मी सही करणार नाही. शिवाय मे महिन्यात समोरच्या ओकला पानं फुटली की न्यूयॉर्कचं एकेक यूएचएफ स्टेशन अडखळायला लागतं, आणि मुलगा म्हणतो, "आई, फोनवर बघ ना."

असो. मागच्या आठवड्यात ताईंच्या शेजारी नव्याने राहायला आलेल्या मुलाने विचारलं, मलाही लावून द्याल का? 'एचडी अँटेना' म्हणून एक चपटा कागद विकत आणलाय, त्यावर काही येत नाही. एचडी अँटेना असं काही नसतं, अँटेनाला चित्र एचडी आहे की नाही ते कळत नाही, हे त्याला सांगितलं. तो परत कर म्हटलं, लांब दांड्यांची आण, अँटेनापासून टीव्हीपर्यंत आरजी-६ जातीची केबल आण, शनिवारी येते. खांब डेकच्या आतच लागेल. आणि समितीचं पत्र आलं तर उत्तर तू लिहायचंस. आकडे मी देईन. पण त्याआधी शेजारच्या घराची बेल वाजवून ताईंना सांगून ये, आणि मी सांगितलंय असं सांगू नकोस.