९९ रुपयांपायी अडलेलं पोर्टिंग

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे. पोस्टपेडवाल्याला त्यात कसं अडकवून ठेवता येतं, ते मला यंदा कळलं.

आमच्या पुण्यातल्या वडगाव बुद्रुकच्या घरात रेंजच नव्हती. बँकेचा ओटीपी यायचा तर फोन घेऊन बाल्कनीत जाऊन उभं राहायचं. शेजारच्यांकडे दुसऱ्या कंपनीचं सिम घरभर छान चालतंय, हे बघून ठरवलं आणि १९०० वर मेसेज टाकला: इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. कंपनी बदलायला लागणारा आठ अक्षरी कोड यायला हवा होता. आलं ते उत्तर: थकबाकी आहे, कोड मिळणार नाही.

थकबाकी कसली? तर कॉलर ट्यूनचे ९९ रुपये. मी न मागितलेल्या. बिल आलं तेव्हाच तक्रार केली होती, ९९ वगळून बाकीचे पैसे वेळेत भरले होते. पण मुदत उलटलेल्या बिलातली रक्कम राहिली तर कोड मिळत नाही, वाद चालू असला तरी.

मग सिंहगड रोडवरच्या त्यांच्या स्टोअरमध्ये टोकन घेऊन बसणं आलं. काउंटरवरचा मुलगा गोड बोलणारा. “सर, आत्ता भरून टाका ना, पुढच्या बिलात मायनस होतील.” अरे, मी कंपनी सोडून चाललोय, पुढचं बिल कुठलं? “सर, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय.” कस्टमर केअरला विचारलं तर स्टोअरला जा, आणि स्टोअरमध्ये कस्टमर केअरला फोन करा. घरी बायको म्हणाली, “अहो, तेवढ्याची तर रिक्षा झाली तुमची.” झाली होतीच. पण नाही भरले.

खरं तर अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते, असा ट्रायचा (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) २०१३ पासूनचा दंडक आहे. म्हणून मी एकच धोशा लावला: माझ्या संमतीची नोंद दाखवा. ती कुणालाच दाखवता येईना. (नको असलेली सेवा १५५२२३ वर बंद करता येते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगतो.) शेवटी १९८ वर रीतसर तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतला. चौकशीच्या १२१ वर नुसतं बोलून भागत नाही, तक्रार १९८ वरच करायची. निकाल आला, “रक्कम योग्य आहे”. मग याच्यावर अपील करणार, असं कळवलं. कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी लागत नाही. अपील लिहायची वेळच आली नाही. त्याआधीच ९९ रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. तोपर्यंत मात्र कुणालाच काही करता येत नव्हतं!

घाई असेल तर भरून मोकळे व्हा, मी काही बोलणार नाही. मला घाई नव्हती, राग होता.

पुढचं सगळं सरळ झालं. कोड आला, नव्या दुकानात आधार दाखवून सिम घेतलं आणि नंबर रात्रीतून नव्या कंपनीकडे गेला. आपल्याच सर्कलमध्ये (फोन कंपन्यांच्या विभागात) तीन कामाचे दिवस धरायचे. कोड चारच दिवस चालतो, तेव्हा दुकानात जायच्या बेतातच मागवा. मधल्या काळात जुनी कंपनी स्वस्त प्लॅन घेऊन फोन करते. मी “बाल्कनीत उभा आहे, ऐकू येत नाही” म्हणून ठेवला. हो, आणि सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. प्रीपेडवाल्यांचा उरलेला बॅलन्स मात्र जातो.

जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते राहिलं तर नव्या कंपनीकडचा चालू नंबरही बंद होऊ शकतो. माझं आल्यावर ओळन् ओळ तपासून त्याच दिवशी भरलं, पावती जपून ठेवली आहे.