तापीच्या गाळातली नाव

दोंडाईचा स्टेशनला पहाटे उतरून शहाद्याची एसटी धरायची, तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारासाठी इथे पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात सकाळी सहालासुद्धा रस्त्यावर कुणी नव्हतं. मी, धुळ्याचा एक मित्र आणि आर्किटेक्चर शिकणारी माझी भाची असे तिघं होतो. पाणी खाली गेल्यावर गाळात मासेमारीची एक जुनी लाकडी नाव दिसू लागली होती, तिची मोजणी करायची होती.

इथून पुढची वाट मुद्दाम लिहीत नाही. उघडी पडलेली नाव कुणाला सरपण वाटते, कुणाला भंगारातले खिळे. ज्यांना खरंच काम करायचंय त्यांनी आधी भोईवाड्यात जाऊन नाव कुणाची ते विचारावं आणि त्या घरची परवानगी घ्यावी. १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो. ही नाव तेवढी जुनी नाही, पण मालकाची आहेच.

कोकणात एका खाडीत मी असंच काम केलंय. तिथे दिवसातून दोनदा ओहोटी येते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावर अजून चालतो. तापीला ओहोटी वर्षातून एकदाच, तीही काही आठवड्यांची. त्यामुळे उद्या बघू म्हणण्याची सोय नाही. वरच्या अंगाला भुसावळजवळ हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे. पात्रात उतरण्याआधी पाणी सोडणार आहेत का, हे पोलीस पाटलाकडे किंवा पाटबंधारे खात्याच्या माणसाकडे विचारूनच उतरा. वरून आभाळ कोरडं दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका.

नाव चपट्या तळाची. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ६ मीटर ४० सेंटीमीटर, मधली रुंदी १ मीटर ५५. डाव्या अंगाच्या फळ्या जवळजवळ पूर्ण, उजव्या अंगाच्या वरच्या दोन गेलेल्या. एका फटीवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलाय, वरून डांबर. पत्र्याच्या कडेचे खिळे इतके सारख्या अंतरावर आहेत की ठोकणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे येतो. कोपऱ्यात जाळ्याला बांधायचे भाजलेल्या मातीचे मणी सापडले, अकरा. फोटो काढले आणि होते तिथेच ठेवले.

समुद्रात बुडालेलं लाकूड उघडं राहिलं तर टेरेडो नावाचा जीव ते आतून पोखरून टाकतो. गोड्या पाण्यात तो नसतो, म्हणून फळ्या टिकल्या होत्या. इथला शत्रू ऊन. पाण्याने फुगलेलं लाकूड झपाट्याने वाळलं की आक्रसतं, तडकतं, आणि मग मापंही बदलतात. चार-पाच ओली गोणपाटं न्याच. जेवढा भाग मोजताय तेवढाच उघडा ठेवा.

मोजायची पद्धत साधी. नावेच्या बाहेर, गाळ घट्ट असेल तिथे दोन खुंट्या ठोकायच्या, मधे दोरी ताणायची, तिच्यावर टेप लावायचा आणि प्रत्येक बिंदूचं दोरीपासून काटकोनात अंतर घ्यायचं. आम्ही पहिल्या दिवशी एक टोक नावेच्याच फळीला बांधलं. दुपारपर्यंत फळी बोटभर सरकली आणि सकाळची मापं फेकून द्यावी लागली. मोबाईलचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, तो जागा पुन्हा सापडण्यापुरताच. फोटो एकमेकांवर दोन तृतीयांश चढतील असे, सकाळी आठच्या आत. पुढे सावल्या काळ्याभोर पडतात आणि ओलं लाकूड चकाकतं. चौकटीत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण हवाच. दहानंतर पात्रात थांबू नका, इथलं ऊन माणसाला आडवं करतं. गाळात गुडघाभर पाय जातो, हातात बांबू ठेवा आणि एकट्याने उतरू नका.

एक चूक मात्र मनाला लागून राहिली. तळाशी मधोमध मोठे गोटे होते. पुरात वाहून आले असतील असं धरून आम्ही दोन उचलून बाजूला ठेवले, आराखडा काढण्याआधीच.

संध्याकाळी मालकाच्या घरी गेलो. आजींना विचारलं, नाव कोणत्या पुरात बुडाली? त्या म्हणाल्या, “बुडनी नही भाऊ ती, आमीच बुडाडी व्हती.” उन्हाळ्यात नाव काठावर ठेवली तर फळ्या वाळून फटी पडतात, म्हणून गोटे भरून ती पाण्याखाली ठेवायची आणि पावसाआधी उपसून काढायची, ही त्यांच्या घरची रीत. त्या वर्षी आजोबा गेले, मुलं कामाला सुरतेला होती, नाव उपसायची राहून गेली. म्हणजे ते गोटेच सगळा पुरावा होते. दुसऱ्या दिवशी फोटो पाहून दोन्ही जागेवर ठेवले आणि वहीत तसं स्पष्ट लिहिलं. तुम्ही जाल तेव्हा क्रम उलटा ठेवा: आधी घरी बसून बोला, मग टेप काढा. बोलणं रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, आणि अहिराणी शब्द अहिराणीतच उतरवा.

कागदपत्रं थोडीच मिळतात. छोट्या नावेची नोंद सापडली तर मच्छीमार सोसायटीच्या कर्जवहीत किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात. तापीकाठच्या जुन्या परिस्थितीसाठी १८८० चं खानदेश गॅझेटिअर चाळा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळही वाटेत आहे.

निघण्याआधी नावेवर पुन्हा गाळ ओढला. भाचीने काढलेला आराखडा आजींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग उलटा फिरवला. आम्ही ज्याला मागचं टोक म्हणत होतो तिथे आजोबा वल्हं घेऊन कधी बसतच नसत. तिथे जाळं असायचं, ती नाळ होती. भाचीने तिथेच पेन्सिलीने दोन्ही नावं खोडली आणि बदलून लिहिली.