प्रकाशाला थोपवायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. लग्नात, ट्रेनमध्ये, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तेच, की जग नेट फास्ट करतंय आणि तू पीएचडीची पाच वर्षं काचेच्या फायबरमधला लाईट स्लो करत बसलीस, कशाला? जरा माहितगार असला तर म्हणतो, लांब फायबर घाल ना, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद उशीर फुकट मिळतो. मिळतो, पण तो ठरलेला. नेटवर्कच्या स्विचवर डेटाची दोन पॅकेट एकदम आली की एकाला हवं तेवढंच थांबवायचं, आणि ते 'हवं तेवढं' दर वेळी वेगळं. त्यासाठी समोरून पंप, म्हणजे ऊर्जा पुरवणारा दुसरा लेसर, सोडायचा, काचेत ध्वनिलहर उठते आणि पंपाच्या साधारण ११ गिगाहर्ट्झ खाली जेमतेम ३० मेगाहर्ट्झचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा मिळतो, तिथे पल्स, म्हणजे प्रकाशाचा छोटा ठोका, वाढतोही आणि रेंगाळतोही. २००५ साली कॉर्नेल आणि लोझानच्या लोकांनी हे फायबरमध्ये करून दाखवलं आणि मी त्याच्या मागे लागले.

माझा पल्स २० नॅनोसेकंदांचा, आणि तो २० नॅनोसेकंद उशिरा आला. अख्खा एक पल्स! प्रेझेंटेशनला तोच ग्राफ लावला, पंप नसतानाच्या आणि असतानाच्या दोन्ही पल्सची उंची सारखी करून. मागे बसलेले एक सर एवढंच म्हणाले, एक-शून्य-एक, म्हणजे पल्स, रिकामी जागा, पल्स, पाठवून दाखवा. दुपारी सगळे स्कोपभोवती उभे. पंप बंद असताना दोन सुळके, मधे स्वच्छ खड्डा. पंप चढवत नेला तसे सुळके उजवीकडे सरकले, सरकता सरकता फुगले, खड्डा भरत गेला आणि शेवटी एकच पसरट टेकाड उरलं. शून्य गेलं. कोणीच काही बोललं नाही, मग कोणीतरी पंप बंद केला आणि खड्डा परत आला, ते बघणं जास्त लागलं.

मी फसवलं नव्हतं हो. पल्सची रुंदी दुप्पट झाल्याचं स्लाइडवर होतं. पण खाली, बारीक अक्षरात, आणि बारीक का ते मला तेव्हाही माहीत होतं. अरुंद पट्टा पल्सच्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे त्यातल्या फ्रिक्वेन्सींच्या, कडा कापतो, कडा गेल्या की पल्स पसरणारच, हे पहिल्याच वर्षी मी वहीत लिहिलेलं.

नंतर पंपात मुद्दाम नॉइज, म्हणजे गडबड, घालून पट्टा तिप्पट रुंद केला. शून्य दिसायला लागलं, पण तेवढ्याच पॉवरला डिले नवव्या हिश्श्यावर, २ नॅनोसेकंदांच्या आसपास. डोक्यावर पांघरूण घेतलं की पाय उघडे. तेव्हाची मी म्हणायची, पट्ट्याच्या कडेला लॉस, म्हणजे प्रकाश कमी करणारा भाग, लावून आकार सांभाळू, आणि पुढे लोकांनी तसं करून रुंदी जवळपास जागेवर ठेवलीही, मग मी चुकले होते का? की फक्त घाई केली? तो ग्राफ पुन्हा लावायची वेळ आली तर आज मी उंची सारखी करणार नाही, एवढं नक्की.