डिस्कनेक्टचं भूत सापडलं, आणि आम्ही जानेवारीत कूलर लावून बसलो

राजेहो, डिस्कनेक्टचं भूत सापडलं. पूर्ण गाडलं असं नाही म्हणत, पण शेंडी हातात आली आहे.

आमच्या शाळेची पोरं एफटीसीसाठी (फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी पोरांची रोबोट स्पर्धा) रोबोट बनवतात, आणि त्याचं कनेक्शन मधेच तुटत होतं. आधी लक्षण सांगतो. रोबोट मस्त चालतो, मेकॅनमवर (आडवंही जाऊ शकणाऱ्या चाकांवर) आडवा सरकत फिल्डच्या अॅल्युमिनियम भिंतीला टेकतो आणि खलास. ड्रायव्हर हबवर (चालवणाऱ्याच्या हातातल्या स्क्रीनवर) कनेक्शन गेलं, कंट्रोल हबचा (रोबोटवरच्या मेंदूचा) हिरवा लाईट निळा, आणि हब परत उठेपर्यंत दोन मिनिटांच्या टेलिऑपमधला (पोरं रोबोट हातानं चालवतात त्या वेळेतला) चांगला तुकडा गेला. सकाळच्या प्रॅक्टिसला कधीच नाही, दुपारी दोननंतर हमखास.

आम्ही मोठ्यांनी आपापली थिअरी धरून ठेवली होती. वेल्डिंगवाले भाऊ म्हणे बॅटरी, मी म्हणे बॅटरीच्या वायरीचा एक्सटी३० कनेक्टर ढिला (आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, मले सगळीकडे लूज कनेक्शनच दिसते), नागपूरहून फोनवर कोड बघणारी ताई म्हणे वायफायचा चॅनल बदला. पोट्ट्यांनी तिन्ही गोष्टी एकेक करून तपासल्या, वहीत लिहिल्या आणि खोडल्या. आपला नियम असा, मेंटरचे (शिकवणाऱ्या मोठ्यांचे) हात खिशात, स्क्रू ड्रायव्हर पोरांच्या हातात. लय जड जाते हो. समोर कनेक्टर दिसत असतो आणि आपण नुसतं "बघ बरं तिकडे" म्हणायचं.

कोड लिहिणारी पोरगी दहावीतली. तिनं लॉग फाइल उघडली तर ती मधेच तुटलेली, एरर नाही, वॉर्निंग नाही. ती म्हणते, "सर, कोडनं मेला असता तर जाता जाता काही बोलला असता ना? हा तर बोलता बोलताच गेला." नुसतं वायफाय गेलं असतं तर हबचा लॉग चालूच राहिला असता, म्हणजे ताईचा चॅनल तिथं पूर्ण बाद झाला.

मग आले आमचे गिरणीवाले काका. सूतगिरणीत फिटर होते, आता रिटायर, शनिवारी पोरांना कानस मारायला अन ड्रिल धरायला शिकवतात. त्यांनी रोबोट उचलायला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "अरे, हा तर चटका मारते! स्टॅटिक आहे बाप्पा हे. हवा कोरडी झाली की आमच्याकडे सूत कुठंबी चिकटे, तुटे, म्हणून तर डिपार्टमेंटमध्ये फवारे लावून ५५-६० टक्के ओल ठेवत होतो."

आता हिंगणघाट तालुक्यात बसून, आजूबाजूला सगळा कापूस, आणि हे आम्हाला परदेशातल्या टीमच्या व्हिडिओतून कळायचं होतं का! कारण एफटीसीत हा आजार जुना आहे, तिकडे परदेशात कोरड्या थंडीत लय टीमना होतो. फोमच्या टाइलवर चाकं घासतात, मेकॅनम आडवं जाताना तर जास्तच, चार्ज फ्रेमवर साठत जातो, आणि कुठं धातूला टेकलं की एका झटक्यात उतरतो. त्या झटक्याचा रस्ता हबच्या वायरीतून गेला की हब रिसेट.

पोट्ट्यांचा विश्वास बसेना. त्यांनी खिडक्यांना सतरंज्या लावल्या, लाईट बंद केले, फिल्डवर दोन-चार चकरा मारून रोबोट हळूच भिंतीला नेला. कोपऱ्याच्या बोल्टपाशी टिक् करून निळी ठिणगी. एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. अशी आरोळी ठोकली सगळ्यांनी की हेडमास्तर सर बाहेरून विचारतात कोण पडलं.

मग एका ईएसपी३२ला (छोट्या कंट्रोलर बोर्डाला) डीएचटी२२ सेन्सर जोडून हवेतली ओल मोजली. दुपारी २६ टक्के! कोणाच्या तरी डोक्यात आलं की ऑफिसमधला कूलर आणू. पावसाळ्यापासून पोत्याखाली झाकून ठेवलेला, पंप जाम, ताट्या वाळून कडक. पंप सोडवला, टाकी भरली, लावला. शिपाईकाका दारात उभे राहून म्हणतात, "काऊन जी सर, थंडीत कूलर? डोकं फिरलं का?" पोरं स्वेटर-मफलर घालून कूलरसमोर रोबोट चालवत होती. ओल पन्नासच्या वर गेली आणि डिस्कनेक्ट बंद. पूर्ण दुपारभर एकही नाही. कूलर बंद केला, हवा वाळू दिली, परत सुरू. ओल आणि डिस्कनेक्टचा ग्राफ पोरीनं काढला, तो पोर्टफोलिओत (परीक्षकांना द्यायच्या वहीत) जाणार, पंधरा पानांत जागा करायला लिफ्टचा (रोबोटच्या वर उचलणाऱ्या भागाचा) एक फोटो उडवावा लागला तरी चालेल.

पण स्पर्धेच्या हॉलमध्ये कूलर नेता येत नाही, आणि एसी हॉलची हवा आणखी कोरडी. टाइलवर आपण घरी कपड्याचं कंडिशनर पाण्यात कालवून फवारू शकतो, तिथं नाही. म्हणजे रोबोटच सुधरवावा लागेल. हब आता सरळ फ्रेमवर न ठेवता प्लायवूडच्या पाटीवर घेतला, नायलॉनच्या बोल्टनं. वेबकॅमच्या यूएसबी वायरीला फेराइट (झटका अडवणारा मणी) लावला, वायरी फ्रेमच्या कडेपासून आत ओढल्या. राहिला ग्राउंडिंग स्ट्रॅप, म्हणजे फ्रेमला हबच्या ग्राउंडशी जोडणारी वायर. त्यात ४७० ओहमचा रेझिस्टर असतो, त्यानं फ्रेम आणि हबचा ग्राउंड एका पातळीवर राहतो आणि कुठं वायर फ्रेमला लागलीच तर सरळ शॉर्ट होत नाही. नागपुरात बर्डीवर तो रेझिस्टर चिल्लरमध्ये मिळते, पण नियमात घरी केलेला चालत नाही, मान्यताप्राप्त विकतचाच पाहिजे. ज्या सप्लायरला विचारलं (नाव नाही घेत) त्यानं वायरच्या तुकड्यापेक्षा शिपिंग जास्त सांगितलं आणि वर "बल्कमध्ये घ्या" म्हणे. आम्हाला एक पाहिजे बापा, आम्ही काय दुकान टाकतो काय!

मधल्या काळातलं चांगलंही सांगतो. आठवीतल्या पोरीनं पहिल्यांदा एक्सटी३० सोल्डर केला, असा चकचकीत की मी माझ्या आयटीआयच्या पोरांना दाखवायला फोटो काढला. आणि ऑटोचे (रोबोट स्वतःच कोडवर चालतो ते) तीस सेकंद आता बहुतेक वेळा जमतात. लिफ्टबद्दल विचारू नका.

आता पुढं मेकॅनम काढून साधी चाकं लावायचा विचार होता, पण हे लिहितानाच डोक्यात आलं, आमच्या इनटेकला (वस्तू आत ओढणाऱ्या तोंडाला) पॉलीकॉर्डचे (गोल प्लास्टिक दोरीचे) पट्टे आहेत, प्रिंट केलेल्या प्लास्टिकच्या पुलीवर फिरणारे. प्लास्टिकवर पट्टा घासत फिरवणं म्हणजे आपणच रोबोटच्या तोंडात छोटा व्हॅन डी ग्राफ (पट्टा फिरवून स्टॅटिक तयार करणारं यंत्र) बसवला नाही का? चाकांवर पैसे घालण्याआधी शनिवारी रोबोट लाकडी स्टुलावर ठेवून, चाकं हवेत, नुसता इनटेक पाच मिनिटं फिरवायचा आणि मग भिंतीच्या तुकड्याला टेकवायचा. कूलर बंद ठेवून, दुपारीच. ठिणगी पडली तर चाकं वाचली, पुली बदलू, काका लाकडाच्या घासून देतो म्हणाले आहेत, म्हणजे पोरांकडून घासून घेतील.

कोणाकडे स्ट्रॅप जास्तीचा पडून असेल तर सांगा, एसटीच्या पार्सलनं हिंगणघाट डेपोपर्यंत आला तरी पुढं आम्ही आणून घेऊ.