हाऊलंडांची एलिझाबेथ कुणाची?

मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्याकडे भारतातून पाहुणे आले, की मी त्यांना प्लिमथच्या बरीअल हिल या जुन्या दफनभूमीच्या टेकडीवर घेऊन जाते आणि तिथल्या जॉन हाऊलंडच्या स्मृतिशिळेपाशी जरा जास्तच रेंगाळते. मग परतीच्या वाटेवर कुणीतरी विचारतेच, "यांच्याशी आपले नाते ना गोते, मग या घराण्याची वंशावळ तुम्हांला एवढी पाठ कशी?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. या घराण्याने कित्येक पिढ्या आपल्या मूळ आईचे माहेरच चुकीचे सांगितले होते, आणि ती चूक कशी उघडकीला आली ही हकीकत मला त्यांच्या पूर्वजाच्या प्रसिद्ध पराक्रमापेक्षा मोलाची वाटते.

तो पराक्रम असा. १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला मेफ्लॉवर जहाजातून निघालेल्या १०२ प्रवाशांमध्ये जॉन कार्व्हर नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाचा नोकर म्हणून हाऊलंड होता. वादळात तो डेकवर आला आणि जहाज कलताच समुद्रात फेकला गेला. पण शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो त्याच्या हाती लागला, आणि कित्येक वाव पाण्याखाली जाऊनही त्याने तो सोडला नाही. वसाहतीचा पुढे अनेक वर्षे गव्हर्नर राहिलेला विल्यम ब्रॅडफर्ड याने हे लिहून ठेवले आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष हाऊलंडच्या वंशातले असल्यामुळे "तो दोर सुटला असता तर" हे वाक्य इथला प्रत्येक गाईड म्हणतो. मी आता ते ऐकून घेण्यापुरतेच ऐकते.

त्याच जहाजावर एलिझाबेथ टिली नावाची तेरा वर्षांची मुलगी आई, वडील, काका आणि काकू यांच्याबरोबर होती. तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांचे पटक्सेट हे गाव काही वर्षांपूर्वीच्या साथीत ओस पडले होते. त्याच जागी या मंडळींनी वस्ती केली, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातली जवळजवळ निम्मी माणसे दगावली. टिली कुटुंबातली चारही मोठी माणसे त्यात गेली. वसाहतीचा पहिला गव्हर्नर झालेला कार्व्हर १६२१ च्या वसंतात वारला आणि काही आठवड्यांतच त्याची पत्नीही गेली. मागे उरलेल्या या नोकराने आणि या पोरक्या मुलीने पुढे दोनतीन वर्षांत लग्न केले. त्यांना दहा मुले झाली, दहाही जगली, आणि नातवंडांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली.

वंशजांना मात्र निराळेच ठाऊक होते. एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी, असे घरोघरी सांगितले जाई. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी उभारलेल्या शिळेवरही तसेच कोरले गेले. हाऊलंड कार्व्हरच्या घरात राहत होता, तेव्हा समज होण्यासारखा होता हे खरे. पण मला वाटते, मूळपुरुष नोकर असला की त्याचे सासर तरी गव्हर्नराचे असावे, ही इच्छाही त्यात असणार. घराण्यांच्या बाबतीत हा मोह कुठल्याच देशाला चुकलेला नाही.

ब्रॅडफर्डने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बॉस्टनमधून नाहीसे झाले होते. ते १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथसंग्रहात सापडले आणि १८५६ मध्ये छापले गेले. त्याच्या शेवटी मेफ्लॉवरमधल्या माणसांचे तीस वर्षांत काय झाले याची यादी आहे, आणि तीत स्वच्छ नोंद आहे, की कार्व्हरचा नोकर जॉन हाऊलंड याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले, त्यांना दहा मुले आहेत, थोरलीला चार आणि दुसरीला एक मूल आहे, म्हणजे दोघांपासून एकूण पंधरा जण झाले. या एका नोंदीने टिली दांपत्याला त्यांची लेक परत मिळाली. आज टेकडीवर जो दगड आहे, त्यावर टिली हेच नाव आहे.

हे वाचताना मला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आठवतो, ज्यात लेकींची नोंद सासरच्या आडनावाशी येऊन थांबते. इथल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेत लेकीकडून आलेला वंश मुलाकडून आलेल्या वंशाइतकाच धरतात. उलट नुसते हाऊलंड हे आडनाव असून भागत नाही. जॉनचे आर्थर आणि हेन्री हे भाऊ मागाहून आले आणि त्यांचेही वंश वाढले. ते मेफ्लॉवरवर नव्हते, म्हणून त्यांच्या वंशजांना त्या आडनावावर प्रवेश नाही.

जॉन १६७३ मध्ये ऐंशी ओलांडून वारला. एलिझाबेथ त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे जगली. १६८६ च्या डिसेंबरात केलेल्या मृत्युपत्रात तिने आपले वय एकोणऐंशी सांगितले आहे आणि स्मरणशक्ती उत्तम असल्याचेही लिहिले आहे. तिला आईवडील कोण हे कुणी विचारले असते, तर तिने लगेच सांगितले असते. वर्षभराने स्वानसी गावी लिडिया या लेकीच्या घरी ती वारली. त्यामुळे टेकडीवर पाहुणे तिची कबर शोधू लागले, की मी त्यांना सांगते, की ती इथे नाही, ती लेकीच्या गावाकडे आहे, आणि तिथे जायला गाडीने तासभर तरी लागतो.